ट्रंकबाईंनी नेसलेलं पांढरं

बाईंनी पांढऱ्या रंगाशी उभा दावा मांडला होता. फळ्यावर लिहून झालं की पदराला लागलेली खडूची भुकटी त्या अशा झटकायच्या, की पुढच्या ओळीतली पोरं शिंकायला लागायची. जयपूरच्या उन्हाळ्यात आम्ही सगळ्या बायका फिक्या, पांढुरक्या सुती साड्या शोधत हिंडायचो आणि या बाई भर लूच्या झळांमध्ये गडद जांभळी साडी नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, रेल्वे कॉलनीच्या रस्त्यानं ताठ चालत बालवाडीत यायच्या. हळदी, डाळिंबी, मोरपंखी, आणि एक गुलाबी तर असा की बघणाऱ्यानं डोळे मिटावेत. बापू बाजारातला साडीवाला बाईंना लांबून बघूनच नोकराला सांगायचा, "सफ़ेद वाला गट्ठर पीछे कर, मराठी बहनजी आ रही हैं।"

माझं माहेर भुसावळ. नवरा रेल्वेच्या हिशेब खात्यात. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा त्याची बदली जयपूरला झाली आणि मी नाक पुसत पुसत संसार बांधला. कॉलनीच्या महिला मंडळानं एक बालवाडी चालवली होती, तिथे दुसरी शिक्षिका हवी होती. घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं, म्हणून मी गेले. तिथे पहिली शिक्षिका म्हणजे या बाई. त्या मूळच्या कराडच्या. धाकटा भाऊ रेल्वेत गार्ड होता, त्याच्याकडे राहायच्या. पोरं त्यांना पेटीवाली मॅडम म्हणायची आणि आम्ही मराठी बायका ट्रंकबाई. त्यांच्या तोंडावर मात्र नुसतंच बाई, कारण तोंडावर जास्त काही म्हणायची आमची छाती नव्हती.

ट्रंक त्यांच्या लग्नातली. हिरवी, पत्र्याची, झाकणावर दोन मोर. ती बालवाडीच्या खोलीत खिडकीखाली असायची, शिकवायला जमवलेले कपडे तिच्यात, आणि तिच्यावर बसायची परवानगी फक्त ज्याला रडू येत असेल त्याला होती. ट्रंकेची गोष्ट त्यांनी मला सरळ सांगून टाकली, भाजी निवडताना सांगावी तशी. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा तापानं गेला. तेराव्याला सासूनं पांढरी पातळं पुढ्यात आणून ठेवली. "मी म्हटलं, हे मला शोभत नाही. तर म्हणाल्या, आता तुझं शोभायचं वय गेलं. ऐन पंचविशीत वय गेलं म्हणे माझं." बाईंनी भावाला तार करून बोलावलं, रंगीत साड्या ट्रंकेत भरल्या आणि हिरवं लुगडं नेसून सासरच्या दारातून बाहेर पडल्या. गावानं काय काय म्हटलं असेल ते देव जाणे.

मी एकदा भीत भीत विचारलं होतं, की बाई, मग कुंकू का नाही लावत? त्या म्हणाल्या, "कुंकू त्यांच्या नावाचं होतं, त्यांच्याबरोबर गेलं. रंग माझे होते. ते मी का देऊ?" एवढं बोलून त्यांनी पुढची मेथीची जुडी सोडली.

मी कामावर रुजू झाले तेव्हा बालवाडीच्या भिंतीवर मंडळानं नुकताच दिलेला एक तक्ता होता. भारतातली वेशभूषा. ओळीनं जोड्या उभ्या, सगळ्यांचे गाल गुलाबी, सगळ्यांच्या अंगावर सणाचे कपडे. बाई त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "काय गं, ही माणसं कामाला जात नाहीत का? हिनं एवढी नथ घालून चुलीपुढे बसायचं? हा एवढा कडक फेटा बांधून झोपणार कुठं?" दुसऱ्या दिवशी तक्ता गुंडाळून कपाटावर गेला. पोरांना कपडे शिकवायचे तर ते हातात द्यायचे, अंगावर घालायचे आणि ज्याचे आहेत त्याला समोर उभं करायचं, असं त्यांचं म्हणणं. कापड कधी एकटं यायचं नाही, माणसाबरोबर यायचं. हा त्यांचा नियमच होता.

हा नियम त्या एका फजितीतून शिकल्या होत्या. जयपूरला आल्या त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी बाजारातून एक ओढणी आणली. पिवळीधमक, लाल काठ, मध्ये मोठं लाल वर्तुळ. अशा रंगाला बाई कुठल्या सोडतात. साडीवरून शालीसारखी घेऊन त्या सकाळी दूध आणायला गेल्या तर तिथल्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारून पुढे आल्या. "बधाई हो बहनजी! लड़का हुआ या लड़की?" बाईंना वाटलं, बालवाडीबद्दल विचारताहेत. त्या मोठ्या झोकात म्हणाल्या, "दोनों हैं। बहुत सारे हैं।"

पुढे शेजारच्या म्हातारीनं हाताला धरून समजावलं. त्या ओढणीला तिथे 'पीला' म्हणतात. बाळंतीण झालेल्या लेकीला माहेरून ती येते आणि आई झालेल्या बाईनंच ती घ्यायची असते. बाईंना मूलबाळ नव्हतं. हा किस्सा सांगताना त्या आम्हाला पोट धरधरून हसवायच्या, पण ओढणीची घडी हातात आली की तिच्या काठावरून बोट फिरवत राहायच्या. त्यांनी ती पेटीत दडवली मात्र नाही. कॉलनीत एका गँगमनच्या बायकोला नुकतं बाळ झालं होतं. तिला बाळासकट वर्गात आणलं, ओढणी तिच्या खांद्यावर घातली आणि तिच्याच तोंडून पोरांना सगळं ऐकवलं. "बाजारातून कापड मिळतं, त्याची गोष्ट मिळत नाही," असं त्या मला म्हणाल्या. "ती नेसणारीला विचारावी लागते."

तेव्हापासून त्यांचे तीन प्रश्न ठरले. कुणाचं? कुठलं? कशासाठी? पोरं हे हिंदीत ओरडायची, किसका, कहाँ का, किसलिए, आणि वर्गातल्या मराठी पोरांना बाई मुद्दाम मराठीत म्हणायला लावायच्या. माझी लेक तर घरी ताटात भाजी पडली तरी विचारायची, कुणाची, कुठली, कशासाठी. तिचे बाबा वैतागायचे.

चौमूं गावाकडून एक दूधवाला यायचा, भला थोरला लाल साफा बांधून. बाईंनी त्याला एके दिवशी सायकलवरून उतरवलं आणि वर्गात बसवलं. बिचारा पहिल्यांदा समजला की दुधात पाणी सापडलं. मग साफा सोडायला सांगितला, तर तो खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरला आणि वर उरला. पोरं वेडी झाली. उन्हात हा डोक्यावर कशाला, अशानं गरम नाही का होत, असं गुड्डूनं विचारलं. गुड्डू म्हणजे स्टेशनमास्तरांचा मुलगा, वर्गातला आगाऊपणाचा ठेका त्याच्याकडे होता. दूधवाला म्हणाला, "बेटा, लू सिर से घुसती है। सिर बाँध लो तो बाहर खड़ी रहती है।" विहिरीवर दोर तुटला तर साफ्याला लोटा बांधून पाणी काढतो, रात्री शेतात उशी करतो, हेही त्यानं सांगितलं. जाताना एक जुना साफा ट्रंकेला देऊन गेला.

आणि इरलं. कोकणात लावणीच्या वेळी बायका पाठीवर घेतात ते पानांचं इरलं बाईंच्या भावानं गाडीच्या डब्यातून आणलं होतं आणि त्याबरोबर आमच्याच कॉलनीतल्या एका पोर्टरची रत्नागिरीकडची आई वर्गात आली होती. जयपूरच्या पोरांना ते काय आहे ते समजेना. कोणी म्हणालं होडी, कोणी म्हणालं कोंबडीचं घर. त्या आजींनी ते पाठीवर घेतलं, ओणव्या झाल्या आणि बाई स्टुलावर चढून चाळणीतून बादलीभर पाणी ओतायला लागल्या. पाठ कोरडी, हात चिखलात मोकळे. मग सगळ्यांना इरल्याखाली जायचं होतं. त्या दिवशी अख्खी बालवाडी भिजली आणि फरशी पुसायला कोण, तर मी.

छावणीतल्या एका सुभेदाराच्या बायकोनं, त्याही साताऱ्याकडच्याच, नवऱ्याचा बर्फातला जुना कोट आणला होता. बाईंनी तो एप्रिलमध्ये बाहेर काढला. मी म्हटलं, बाई, पोर उकडून निघेल. त्या म्हणाल्या, निघू दे जरा. गुड्डूला कोटात घातलं, पंखा बंद केला, तर तो लालबुंद झाला आणि म्हणाला, ये कोट पागल है। मग बाईंनी बर्फाचा तुकडा मागवला, आधी त्याच्या उघड्या हातावर ठेवला, मग कोटाबरोबरच्या जाड हातमोज्यावर. उघड्या हाताला धरवेना, मोज्यातल्या हाताला काही वाटेना. "बोलो, अब कौन पागल?" गुड्डूनं विचार केला आणि म्हणाला, अप्रैल। बाई खूश झाल्या. "कपडा वेडा नसतो," त्या म्हणाल्या. "जागा चुकलेली असते." हे वाक्य पोरांनी पाठ केलं.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले तिथे येते.

वंदना अकोल्याकडची. नवरा लोको शेडमध्ये फिटर. बौद्ध कुटुंब, क्वार्टर आमच्या मागच्या ओळीत. त्यांची प्रज्ञा आमच्या वर्गात होती. मोठे डोळे, बोलणं कमी, आणि एकदा बोलली की खरं बोलणारी. बाईंनी त्या वर्षी लग्नाचं कापड हा विषय काढला होता. प्रत्येकाच्या आईनं लग्नात नेसलेलं कापड घेऊन एकेक दिवस वर्गात यायचं आणि वार्षिक उत्सवात आमच्या वर्गानं तेच स्टेजवर दाखवायचं. पोरं आधी सांगत होती, आईचं लग्नाचं काय रंगाचं. लाल, लाल, गुलाबी, माझी लेक हिरवा शालू म्हणाली. प्रज्ञा म्हणाली, पांढरी.

गुड्डू हसला आणि म्हणाला, "सफ़ेद तो विधवा पहनती है। मतलब तेरे पापा मर गए?" त्याच्यामागून बाकीची हसली. प्रज्ञा उठली, ट्रंकेवर जाऊन बसली आणि रडली. बाईंनी सगळ्यांना दटावलं, तिला जवळ घेतलं, गोष्ट सांगितली. पण दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

इकडे मंडळाच्या अध्यक्षाबाईंच्या कानावर हे गेलं. त्या मोठ्या साहेबांच्या पत्नी, बोलायला गोड, बदलायला कठीण. बाईंना बोलावून घेतलं. मीही बरोबर होते. त्या म्हणाल्या, "उत्सव में सफ़ेद जोड़ा? अपशगुन होगा। उस बच्ची की माँ से कहिए, लाल पहन ले। मंडल दे देगा।" बाई म्हणाल्या, "लाल उनका नहीं है।" अध्यक्षाबाई म्हणाल्या, मग ती एक साडी राहू द्या, बाकीच्या दाखवा. बाई म्हणाल्या, "एक नहीं आएगी तो मेरी क्लास भी नहीं आएगी। स्टेज आपका है, आप रखिए।" मी पदराखालून त्यांना चिमटा काढत होते, की बाई, पगार मंडळ देतं. अध्यक्षाबाईंनी हसतच सांगितलं, की असं असेल तर पुढल्या वर्षी शिक्षिकेचा विचार करावा लागेल. बाईंनी नमस्कार केला आणि निघाल्या. रस्त्यात मी चिडले. म्हटलं, नोकरी गेली तर भावाच्या बायकोपुढे हात पसराल का? त्या म्हणाल्या, "आगं, ते होईल तेव्हा बघू. ती पोर घरात बसलीय, ते आज होतंय."

मग आम्ही वंदनाकडे गेलो. तिनं चहा ठेवला. प्रज्ञा दाराआडून बघत होती. बाई म्हणाल्या, "वंदना, उद्यापासून हिला पाठव. मी पोरांना नीट सांगितलंय. तुमच्यात लग्नाला पांढरं नेसतात, त्यात हसण्यासारखं काही नाही."

वंदना शांत बाई. आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही. ती म्हणाली, "बाई, माही पोरगी घरी येऊन मले सांगते, कपडा वेडा नसतो. इतकं चांगलं शिकवता तुम्ही. पण मले एक सांगा जी, तुम्ही स्वतः पांढऱ्याले हात का लावत नाही?"

बाईंनी कप खाली ठेवला.

"सगळ्या कॉलनीले माहीत आहे. पोरायले तर आधी माहीत आहे. प्रज्ञानं मले विचारलं, आई, बाईले पांढरं आवडत नाही, मग ते घाण असते का? आता मी तिले काय सांगू? तुम्ही तोंडानं म्हणता पांढरं चांगलं, आणि खडू लागला तरी झटकता. लेकरू तोंडाकडे नाही पाहत जी, हाताकडे पाहते."

मला वाटलं, आता बाई उसळणार. त्यांना असं बोललेलं कुणाचं मी ऐकलं नव्हतं. त्या उठल्या, प्रज्ञाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर पडल्या. परतीच्या वाटेवर, पाण्याच्या टाकीपाशी, त्या थांबल्या आणि टाकीच्या कठड्यावर टेकल्या. मी बाईंना रडताना पाहिलं ते तेवढंच. म्हणाल्या, "एवढी वर्षं मला वाटायचं, मी पांढरं घेतलं नाही म्हणजे सासूला हरवलं. आणि तिचंच शिकवणं मी पोरांना शिकवत बसले." मी पदर पुढे केला, तर त्यांनी डोळे स्वतःच्याच पदराला पुसले. त्या दिवशी त्यांची साडी शेंदरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच वंदनाकडे गेल्या. काय बोलणं झालं ते वंदनानंच मला नंतर सांगितलं. बाई दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कापड एकटं यायचं नाही, माणसाबरोबर यायचं, हा माझा नियम तुला माहीत आहे. साडी घेऊन तू ये. आणि मला नेसव."

वंदना म्हणाली, "तुम्हाले? पक्कं ठरलं तुमचं?"

"पक्कं. माझा हात थरथरला तर तू थांबू नको."

तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. उत्सवाच्या आदल्या दिवशीची सकाळ होती. बालवाडीच्या अंगणात कडुलिंबाखाली सतरंजी, पोरं मांडी घालून बसलेली, मागे त्यांच्या आया. बातमी पसरली होती, त्यामुळे ज्यांची पोरं आमच्याकडे नव्हती त्याही आल्या होत्या. वंदना प्रज्ञाचं बोट धरून आली, काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेली साडी. प्रज्ञा आईला चिकटून होती. बाई तिला म्हणाल्या, "तू माझ्या शेजारी उभी राहा. मला भीती वाटतेय." आणि ती खरंच जाऊन उभी राहिली.

बाईंनी त्या दिवशी पोलकं-परकर घालून वरून चादर लपेटली होती. वंदनानं साडी उलगडली. पांढरी शुभ्र, बारीक सोनेरी काठाची. मागून कुणीतरी बाई पुटपुटली, "हाय राम, विधवा को दुल्हन की साड़ी?" आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. वंदनाचा हात निऱ्यांवर होता. तिनं मान वर केली नाही, नुसतं म्हणाली, "आमच्यात असं काही नसतं जी." आणि निऱ्या खोचल्या. बाईंचे हात थरथरत होते. वंदना थांबली नाही.

पदर खांद्यावर आला. पोरांनी बाईंना असं कधी पाहिलंच नव्हतं. गुड्डूनं हात वर केला. त्यानं विचारलं, "मैडम, आपका कौन मर गया?"

बाईंनी प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञानं आईकडे पाहिलं, आणि मग त्या पोरीनं, जी आठवडाभर घराबाहेर पडली नव्हती, गुड्डूला सांगितलं, "कोई नहीं मरा। ये मेरी मम्मी की शादी की है। पहले पूछ तो सही।"

गुड्डू गोंधळला. मग त्यानं नियमाप्रमाणे विचारलं, किसका? प्रज्ञा म्हणाली, मम्मी का। कहाँ का? अकोला का। किसलिए? शादी के लिए। मग सगळ्या पोरांनी एका सुरात तेच विचारलं, आणि तिनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. तिसऱ्यांदा तिला कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. मग बाई पोरांमधून फिरल्या. प्रत्येकाला काठाला हात लावून बघायचा होता. गुड्डूनं लावला आणि म्हणाला, ठंडी है। बाई म्हणाल्या, हो, सुती आहे. त्यानंतर माझा हिरवा शालू, कुणाचं लाल बेस, म्हणजे राजस्थानी नवरीचा घागरा-ओढणी, कुणाची कांजीवरम, सगळं झालं. पण बाईंनी दिवस संपेपर्यंत पांढरं सोडलं नाही. संध्याकाळी तीच साडी नेसून भावाबरोबर बाजारात भाजी आणायलाही गेल्या. साडीवाला दुकानाबाहेर येऊन बघत राहिला म्हणतात.

उत्सवाला आमचा वर्ग गेला नाही. अध्यक्षाबाईंनी आमच्या जागी गरबा घातला. पुढच्या वर्षी शिक्षिका बदलायचं चाललंच होतं, पण मंडळाला ते पाप लागलं नाही. त्याआधीच भावाची बदली आली. प्रज्ञा तोवर रोज येत होती आणि गुड्डूशी तिची इतकी गट्टी झाली होती की दोघांना वेगळं बसवावं लागायचं.

जाण्याआधी बाईंनी ट्रंक रिकामी केली. साफा दूधवाल्याला परत, कोट सुभेदारणीला, पीला त्या गँगमनच्या बायकोला. इरलं आमच्या बालवाडीला ठेवलं, कारण ते पाठीवर घेऊन दाखवणाऱ्या आजी वारल्या होत्या. मी म्हटलं, बाई, एवढं जमवलेलं वाटून टाकता? त्या म्हणाल्या, "ज्याचं त्याच्याकडे बरं असतं. दुसऱ्या गावी दुसरी माणसं भेटतील." स्टेशनावर आम्ही सगळ्या सोडायला गेलो. गाडी सुटायच्या आधी वंदनानं ती चादरीतली साडी खिडकीतून आत दिली. बाई म्हणाल्या, "वेडी आहेस का, प्रज्ञाच्या लग्नाला लागेल." वंदना म्हणाली, "तिले नवी घेईन जी. ही तुमच्या अंगाले बसली आहे." बाईंनी मग वाद घातला नाही. रिकामी ट्रंक उघडली, साडी आत ठेवली आणि झाकण लावलं.

त्यानंतर भेटी कमी झाल्या. आम्ही पुढे पुण्यात स्थायिक झालो, बाई भावाबरोबर कराडला. तिथेही घराच्या पडवीत पोरं गोळा करून शिकवायच्या. साड्यांचे रंग तसेच. मात्र खडू लागला तर झटकायच्या नाहीत, हे मी दर भेटीत पाहिलं. मागच्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या म्हणून कळलं, तशी मी जाऊन राहिले. एका सकाळी माझ्या हातचा चहा घेतला, फार गोड केलास म्हणाल्या, आणि तासाभरात गेल्या.

गल्लीतल्या बायका जमल्या. रीतीप्रमाणे कुणीतरी बाजारातून नवं पांढरं आणलं. ते बघून मला भडभडून आलं. विधवेच्या ज्या पांढऱ्याला एवढं आयुष्य दारात उभं केलं नाही, तेच शेवटी घरात घुसतंय असं वाटलं. तेवढ्यात त्यांचा भाऊ, आता तोही काठी टेकत चालणारा, आतून ती मोरांची ट्रंक ओढत घेऊन आला. म्हणाला, "ते परत करा. अक्कानं सांगून ठेवलंय. मेल्यावर मला पांढरं नेसवल्याशिवाय तुम्ही राहायचे नाही, तर हेच नेसवा म्हणाली."

आत एकच साडी होती. मी नेसवली. वंदनानं घातल्या होत्या तशा निऱ्या घातल्या, पदर खांद्यावर तसाच घेतला. माझे हात थरथरत होते, पण मी थांबले नाही. सोनेरी काठ बघून शेजारची एक बाई पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "काय हो, हे असलं काठाचं कुणाचं?"

मी म्हटलं, "अकोल्याच्या वंदनाचं."

"मग हे असलं कशासाठी?"

"लग्नासाठी," मी म्हटलं, आणि बाईंचा पदर नीट केला.